जुने घर, हिरवे प्रमाणपत्र

भिवंडीत जुने घर पाडायला घेतले की चार दिवसांत त्याचा माल विकला जातो. सागवानी खांब, तुळया, दाराच्या चौकटी, कौले, सगळ्याला गिऱ्हाईक असते. भिंतींची माती तेवढी डंपरमधून जाते. मग प्लॉटला पत्रे लागतात आणि पत्र्यांवर बोर्ड: सात मजले, लिफ्ट, पार्किंग. हल्ली शहरोशहरीच्या अशा बोर्डांवर एक हिरवे पानही दिसू लागले आहे. म्हणजे ही इमारत 'ग्रीन' आहे, पर्यावरणाला जपणारी.

जे घर पाडले त्याला हे पान का मिळाले नाही, असे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याकडे हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या दोन व्यवस्था ठळक आहेत. एक २००१ मध्ये सुरू झालेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, दुसरी 'गृह'. वीज, पाणी, उजेड, वारा, बांधकामाचे साहित्य, कचरा अशा बाबींवर गुण मिळतात आणि बेरजेप्रमाणे सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा तारे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत अशा इमारतींना ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र आहे. बक्षीस चांगले आहे, पण ते बांधकामाच्या रूपात मिळते. ज्याला आणखी मजले चढवायचे आहेत त्याच्या ते उपयोगाचे. ज्याला आजोबांचे घर आहे तसे राखायचे आहे, त्याने ते वाढीव क्षेत्र घेऊन काय करायचे? वारसा यादीतल्या इमारतीला हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतात. मोहल्ल्यातली साधी जुनी घरे त्या यादीपर्यंत सहसा पोहोचतच नाहीत.

आता त्या घराचे गुण मोजू. ओटी, माजघर, पडवी, वर माळा आणि त्यावर कौलारू छप्पर. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जाते, माळा ऊन अडवतो, जाड भिंत दुपारचा ताप खोलीत उशिरा पोहोचू देते. आपल्या दमट हवेत वारा खेळता राहणे सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची सोय समोरासमोरच्या दारा-खिडक्यांत आहे. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. कोणी हौसेने त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती ओल आत कोंडते. पोपडे धरतात, तुळईचे टोक कुजते, वाळवी लागते. मग आपणच म्हणतो, घर जुने झाले.

दुसरा हिशेब बांधकामाचा. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. पोलाद, भट्टीची वीट, वाहतूक वेगळी. अमेरिकेतल्या वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने या विषयावर मोठा अभ्यास केला. त्यात दिसले की नवी इमारत वीज वाचवणारी असली तरी तिच्या बांधकामाने झालेले नुकसान भरून निघायला १० ते ८० वर्षे लागतात. त्यामानाने उभ्या घराची दुरुस्ती पर्यावरणाला बहुधा स्वस्त पडते. इटलीने तर जुन्या इमारतींसाठी वेगळे मानक केले असून त्यात ऐतिहासिक मूल्य जपण्यालाच स्वतंत्र गुण आहेत. आपल्याकडेही तसे हवे, असे मला वाटते.

मात्र पर्यावरणाच्या नावाखाली मोडके घर कोणी अंगावर घेऊ नये. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि तीन डझनांहून अधिक माणसे झोपेतच दबली. ती काही शंभर वर्षांची हवेली नव्हती, चाळिशीच्या आसपासची इमारत होती. तेव्हा वय एवढे एकच माप पुरत नाही. ३० वर्षे उलटलेल्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या शहरात तर तळमजल्यावर यंत्रमाग असले की त्यांचा हादरा रात्रंदिवस भिंतींना बसतो. तपासणीत घर धोकादायक ठरले तर ते रिकामे करावे, तिथे वाद नको.

जुन्या इमारतीला आजचे मानक लावता येते का? मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ मध्ये पूर्ण झाले आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २०२१ मध्ये त्याला आयजीबीसीचे गोल्ड मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले असे ते पहिले स्थानक. एलईडी दिवे, सौरऊर्जा, झाडे, विजेच्या गाड्यांना चार्जिंग यांसारख्या सोयी त्यात मोजल्या गेल्या. त्यासाठी घुमट उतरवावा लागला नाही.

मशिदींतही हे होते आहे. जाकार्ताची इस्तिकलाल मशीद १९७८ ची. तिथे पाचशेहून अधिक सौर पॅनेल, कमी धारेचे नळ आणि पाण्याच्या फेरवापराची सोय आहे. २०२२ मध्ये तिला 'एज' हे आंतरराष्ट्रीय हरित प्रमाणपत्र मिळाले. प्रार्थनास्थळाला ते मिळण्याची ती पहिली वेळ.

पण माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जवळचे आहे आणि त्याच्याकडे कसलेही प्रमाणपत्र नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद जिथे आहे, तिथे पूर्वी गोवा-कालिकतशी व्यापार करणाऱ्या एका कोकणी मुसलमानाची बाग होती आणि बागेत एक जुना तलाव. त्याने मशिदीला संमती दिली, पण अट घातली की तलाव शाबूत राहिला पाहिजे. म्हणून पाण्यात कमानी उभारून त्यांच्यावर मशीद बांधली गेली. १७७५ मध्ये सुरू झालेले काम १८०२ मध्ये संपले. तो तलाव आजही मशिदीच्या पोटात आहे आणि नमाजी त्यावर वुजू करतात.

आपल्या जुन्या मशिदींच्या ट्रस्टींना यातून काही उचलता येईल. हौद असेल तर तो बुजवून नळांची रांग लावू नये. एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात, वुजू करण्याची सुन्नत आहे. नळ सोडून केला तर त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. ते पाणी फारसे घाण नसते. वेगळ्या टाकीत धरले तर संडासाला आणि झाडांना पुरते. घरांसाठी 'पीएम सूर्य घर' योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. फक्त कौलारू छपरावर पॅनेल चढवण्याआधी वासे तो भार पेलतील का, हे जाणकाराला दाखवावे. मागच्या बाजूला स्लॅब असेल तर तिथेच बसवावे.

खरी अडचण तंत्राची नाहीच. एका घराला आठ-दहा वारस असतात. एक भाऊ कुवेतला, बहिणी मुंब्र्याला नि पनवेलला, आणि घरात राहतो तो एकटाच दुरुस्तीचा खर्च सोसतो. अशा वेळी बिल्डरचा 'प्रत्येकाला एक फ्लॅट' सगळ्यांना सोपा वाटतो, आणि दाटीने राहणाऱ्या कुटुंबाला तो मोह झाला तर त्यात नवल नाही. पण सही करण्याआधी ऑडिटचा अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रक खर्च, दोन्ही कागद सगळ्या वारसांसमोर यायला हवेत. ही बैठक एप्रिलमध्ये घ्यावी. घर राखायचे ठरले तर पावसाआधी कौले उतरवून वासे तपासायला निदान महिनाभर तरी हातात राहतो.