यंत्राने यंत्राला दार का नाकारावे?



आम्ही ज्या वाचनालयाच्या कामात थोडाफार हातभार लावतो, तेथील संगणक २०२३ सालच्या जून महिन्यात, पहिल्याच वळवाच्या विजेने जळाला. वीज पडणे हा कोणाचा अपराध नव्हे. पण त्या संगणकावर गावातील जुन्या साप्ताहिकांचे अंक स्कॅन करून ठेवण्याचे काम चालू होते. कागद असा जीर्ण, की पान उलटावे आणि कडेचा तुकडा बोटांना चिकटून यावा. म्हणून पान एकदाच उघडायचे, एकदाच त्याची प्रतिमा घ्यायची आणि रोज रात्री तिची प्रत दूरच्या एका साठवणीत आपोआप धाडायची, अशी व्यवस्था आम्ही लावून दिली होती. त्यामुळे संगणक जळाला तरी आम्ही निर्धास्त होतो. साठवण उघडून पाहतो तो शेवटची प्रत बावीस दिवसांपूर्वीची! त्या बावीस रात्री आमचे यंत्र त्या दारी गेले होते आणि बावीस वेळा हात हलवीत परतले होते. चिटणिसांच्या ई-मेलमध्ये त्याचा रोजचा अहवालही येऊन पडत होता. त्यात एवढेच असे : ‘४०३’.

हा आकडा कोणाचा, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज आपणांपुढे मांडावे असा विचार आहे. विषय यंत्राचा असला तरी केवळ यंत्रज्ञांचा नाही. आपण दुकानात मोबाइलवरून पैसे देतो, घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा आपल्या नकळत एक संगणक दुसऱ्या संगणकाच्या खिडकीशी उभा राहून विनंती करीत असतो. या खिडकीला ‘ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस’ असे लांबलचक नाव आहे; व्यवहारात तिला एपीआय म्हणतात. टपाल कचेरीच्या खिडकीशी तिचे पुष्कळ साम्य आहे. अर्ज ठरावीक नमुन्यातच द्यावा लागतो, ओळख पटवावी लागते, आणि आतल्या माणसाच्या मनात काय आहे ते बाहेरच्याला दिसत नाही. फरक एवढाच, की इथे आतही माणूस नसतो. त्यामुळे गयावया करून उपयोग नाही.

विनंती नाकारली जाते ती एकाच ठिकाणी नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिला उंबरठा जोडणीचा : पत्ता बरोबर आहे का, आणि समोरचा तोच आहे का. दुसरा ओळखीचा : तुम्ही कोण. तिसरा अधिकाराचा : तुम्ही कोण ते कळले, पण हे काम करण्याची तुम्हांला मुभा आहे का. बँकेत खातेदार म्हणून आपली ओळख पटली, म्हणजे तिजोरीच्या खोलीत जाता येते असे नाही. वेबच्या भाषेत ओळख पटली नाही तर उत्तराला ४०१ हा क्रमांक मिळतो, आणि ओळख असून मुभा नसेल तर ४०३. यात एक गंमत आहे. ४०१ या क्रमांकाला इंग्रजीत जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ होतो ‘अनधिकृत’. वास्तविक तो सांगतो की ‘ओळख पटली नाही’. नाव ठेवणाऱ्यांनीच घोटाळा करून ठेवल्यावर नवशिक्याने गोंधळू नये तर काय करावे? शिवाय काही खिडक्या मुद्दामच ४०४, म्हणजे ‘असे काही इथे नाहीच’, असे उत्तर देतात. गिटहबवरील खासगी भांडार परक्याने मागितले तर हेच उत्तर मिळते. आत काय आहे याचा सुगावाही बाहेरच्याला लागू नये, हा त्यातला हेतू.

ओळख पटविण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत जुनी म्हणजे नाव आणि परवलीचा शब्द प्रत्येक विनंतीबरोबर धाडणे. तो मजकूर बेस-६४ नावाच्या लिपीत घातलेला असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो गुप्त वाटतो. पण ती केवळ लिपी आहे, कुलूप नव्हे. कोणीही ती क्षणात उलगडू शकतो. दुसरी रीत एका लांब गुप्त किल्लीची. तिसरी टोकनाची. पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी बिल्ला हातात देत. ज्याच्या हाती बिल्ला त्याला पैसे. आजचे पुष्कळसे टोकन नेमके तसेच असते, आणि त्याला ‘बेअरर’ हे बेअरर चेकातलेच विशेषण लावतात. ते हरवले तर सापडणारा धनी होतो. म्हणून त्याला थोडक्याच वेळाचे आयुष्य देतात. आणि कालपर्यंत चाललेले काम आज सकाळी बंद पडते, ते पुष्कळदा या आयुष्याची मुदत संपली म्हणून.

किल्ली चुकीची ठरण्याची कारणे ऐकली तर हसू येईल. किल्ली कागदपत्रातून उचलून चिकटवताना तिच्या शेवटी एक कोरी जागा किंवा ओळ बदलल्याची अदृश्य खूण चिकटून येते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन निरनिराळ्या किल्ल्या. बेस-६४ मध्ये घातल्यावर तर शेवटची अक्षरेच बदलतात. लेखनाच्या काही सॉफ्टवेअरांना सरळ अवतरणचिन्हांची सुबक वाकडी चिन्हे करण्याची हौस असते. तीही घात करते. पैसे स्वीकारणाऱ्या सेवा चाचणीसाठी एक किल्ली आणि खऱ्या व्यवहारासाठी दुसरी देतात. चाचणीची किल्ली घेऊन खऱ्या दारी गेले की नकार ठरलेलाच. अशा वेळी नवी किल्ली मागून घेण्याची घाई सर्वांनाच होते, आणि नवी किल्लीही त्याच चुकीच्या रीतीने चिकटवली जाते.

यावर एक साधी परीक्षा आहे. तीच विनंती तीन वेळा पाठवावी : एकदा किल्लीवाचून, एकदा मुद्दाम खोट्या किल्लीने, आणि एकदा खऱ्या किल्लीने. तिन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. पहिले आणि तिसरे उत्तर हुबेहूब एक असेल, तर किल्ली खोटी असण्यापेक्षा ती खिडकीपर्यंत पोचलीच नसण्याचा संभव अधिक. दुसरे आणि तिसरे सारखे असेल, तर ती पोचली, पण मानली गेली नाही. या परीक्षेला खर्च काही नाही, आणि अर्ध्या दिवसाचे तर्कवितर्क वाचतात.

किल्ली वाटेतच गळते ती कशी? समजा, आपण जुन्या पत्त्यावर विनंती धाडली आणि तिथून ‘नव्या पत्त्यावर जा’ असे उत्तर आले. आपले यंत्र आज्ञाधारकपणे तिकडे वळते, पण किल्ली बरोबर नेत नाही. आणि नेत नाही हेच योग्य, कारण परक्या घरी आपली किल्ली का द्यावी? डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश गृहस्थांनी १९९८ साली लोकांपुढे आणलेले ‘कर्ल’ नावाचे साधन या कामी जगभर वापरले जाते. हाताने लिहून दिलेली ओळखीची ओळ ते पूर्वी परक्या पत्त्यावरही नेत असे. जानेवारी २०१८ च्या आवृत्तीपासून ते बंद झाले. सुरक्षितता वाढली, आणि ‘किल्ली बरोबर असून ४०१ का?’ हे कोडेही काही जणांच्या वाट्याला आले. त्याचे उत्तर एवढेच, की पत्ता पहिल्यापासून नवा लिहावा.

पत्त्याचाच आणखी एक प्रकार ओऑथ नावाच्या पद्धतीत आढळतो. हिची दुसरी आवृत्ती २०१२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. ‘अमुक खात्याने प्रवेश करा’ असे बटण आपण दाबतो, त्यामागे बहुधा हीच पद्धत असते. ओळख पटल्यावर माणसाला परत कुठे पाठवायचे तो पत्ता आधी नोंदवून ठेवावा लागतो, आणि विनंतीतला पत्ता त्याच्याशी अक्षरशः जुळावा लागतो. शेवटची एक तिरपी रेघ कमी पडली तरी नकार. हा जाच वाटेल. पण पत्ता ढिलाईने जुळवला तर भामट्याला आपला पत्ता पुढे करून दुसऱ्याचे टोकन उचलता येते. २०२५ च्या जानेवारीत या पद्धतीच्या सुरक्षिततेसंबंधी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले, त्यातही अक्षरशः जुळणीचाच आग्रह धरला आहे.

आता आमच्या ४०३ कडे वळू. आम्ही अर्थातच पुस्तकी अर्थ लावला : ओळख पटली आहे, अधिकार नाही. दोन दिवस आम्ही त्या साठवणीतले अधिकारांचे तक्ते तपासले. सर्व यथास्थित होते. उलगडा झाला तो चिटणिसांच्या ई-मेलमुळे. अहवाल धाडल्याची वेळ होती दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीन, आणि तो पोचल्याची वेळ आदल्या रात्री दहा. पत्र लिहिण्याच्या आधीच पोचले होते! दोहोंतील अंतर बरोबर साडेपाच तास.

साडेपाच तास म्हटल्याबरोबर आम्हांला घाम फुटला. तो संगणक आला तेव्हा त्याचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होते, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. मे महिन्यात एके संध्याकाळी ते आमच्या डोळ्यांना खुपले. घड्याळ आपोआप लावण्याची सोय बंद करून आम्ही स्वहस्ते काटे पुढे केले. वेळेचा प्रदेश मात्र ग्रिनिचचाच राहू दिला. पडद्यावर वेळ बरोबर दिसू लागली, आणि जगाच्या हिशेबाने यंत्र साडेपाच तास भविष्यात गेले. अशा साठवणींकडे जाणाऱ्या विनंतीवर गुप्त किल्लीने काढलेली एक सही असते आणि सहीत वेळ गुंफलेली असते. जुनी विनंती चोरून कोणी पुन्हा वापरू नये, म्हणून ही तरतूद. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण पंधरा मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. आमचा फरक तीनशे तीस मिनिटांचा होता.

आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. खिडकीने हे कारण लपवले नव्हते. ४०३ या क्रमांकाखाली उत्तराचा मजकूर असतो, आणि वेळेतला फरक मर्यादेबाहेर असल्याचे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. घड्याळ जाणूनबुजून चुकवून दुसऱ्या यंत्रावरून आम्ही तीच विनंती धाडली, तेव्हा ते वाक्य आमच्यासमोर उभे राहिले. आम्ही लिहिलेली आज्ञावली मात्र फक्त क्रमांक टिपून मजकूर फेकून देत होती. कचेरीने कारणासह उत्तर द्यावे आणि आपण फक्त लिफाफ्यावरचा शिक्का जपून ठेवावा, तसा हा प्रकार. एरवीही बहुतेक उत्तरांबरोबर समोरच्या यंत्राची तारीख आणि वेळ येत असते. ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहायला एक मिनिट पुरते.

जोडणीच्या उंबरठ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खरा धोका तिथे आहे. समोरचा तोच आहे, हे एका प्रमाणपत्रावरून ठरते, आणि त्या प्रमाणपत्राला वरच्या मूळ प्रमाणपत्राचा आधार असतो. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देत असलेल्या प्रमाणपत्रांची एक साखळी त्याच्यापर्यंत पोचत होती. नवा आधार तयार होता. पण जुन्या सॉफ्टवेअरांना तो ओळखता आला नाही, आणि जगभर ठिकठिकाणी चालू जोडण्या तुटल्या. उपाय सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा होता. परंतु घाईतल्या माणसाला एक सोपी वाट दिसते : प्रमाणपत्र तपासणेच बंद करणे. कर्लमध्ये तसा खटका आहे, आणि प्रोग्रॅम लिहिण्याच्या बहुतेक साधनांतही आहे. तो दाबला की काम चालू होते. मात्र मधल्या वाटेवर कोणीही खिडकी मांडून बसला तरी यापुढे आपण त्याच्या हाती किल्ली देणार. असा खटका ‘तात्पुरता’ म्हणून दाबतात आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

दुसरी घाई मदत मागतानाची. माणूस गोंधळला की सगळी विनंती किल्लीसकट उचलतो आणि चारचौघांत मांडतो. चुकून तसे झालेच, तर मजकूर पुसून भागत नाही. ती किल्ली तत्काळ रद्द करून नवी घ्यावी. आज्ञावलीच्या सामायिक भांडारात एकदा गेलेली किल्ली पुढच्या आवृत्तीतून खोडली, तरी मागच्या इतिहासात वाचता येते.

त्या बावीस दिवसांत स्कॅन झालेल्या अंकांपैकी काही अंक आम्ही पुन्हा उघडले. ज्या पानांच्या घड्या पहिल्याच वेळी तुटल्या होत्या, त्यांच्या मजकुराला जागोजाग भगदाडे पडली आहेत. आठ अंकांना मात्र आम्ही हातच लावला नाही. ते पातळ कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. नवीन संगणकाचे घड्याळ आता आपले आपणच लागते, अहवालात उत्तराचा संपूर्ण मजकूर येतो, आणि दर सोमवारी ग्रंथपालबाई दूरच्या साठवणीतून एक पान उतरवून घेऊन ते उघडते की नाही, हे स्वतः पाहतात.