काचेच्या कापडाचे विमान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या ज्या 'फायबर'च्या बनतात, त्याच जातीच्या द्रव्यातून लहान विमानांचे पंख आणि आवरणेही घडतात, हे ऐकल्याबरोबर सामान्य माणसाच्या मनात दोन परस्परविरोधी समजुती उभ्या राहतात : एक, की असल्या प्लॅस्टिकवर विसंबून आकाशात जाणे हे निव्वळ धाडस होय, आणि दुसरी, की ज्याला होडी जमते त्याला विमानाचा भागही सहज जमावा. दोन्ही चुकीच्या आहेत. पण माझ्या मते दुसरी अधिक घातक.

पहिलीचे निरसन इतिहासानेच केले आहे. जर्मनीत श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचे 'फिनिक्स' हे काचतंतूंचे ग्लायडर 1957 साली उडाले. अमेरिकेत बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी'च्या आराखड्यांवरून हौशी कारागिरांनी आपल्या घरच्या गॅरेजांत विमाने बांधली. आणि आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने 'हंसा' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान याच द्रव्यातून घडविले. रुटान यांच्या पद्धतीत पंखाला साचाच लागत नाही : थर्मोकोलच्या जातीचा ठोकळा तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, आणि त्यावर काचेचे विणलेले कापड इपॉक्सी राळेत भिजवून थरावर थर चढवायचे. येथे होडीचा कारागीर फसण्याचा संभव असतो, कारण होडीसाठी सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ या ठोकळ्याला लागताच तो विरघळू लागतो.

राळ जितकी अधिक तितकी मजबुती अधिक, हा समज तर फारच रूढ आहे. वस्तुतः भार वाहतात ते काचेचे तंतू. राळेचे काम त्यांना जागच्या जागी धरून एकाचा भार दुसऱ्यावर सोपविण्याचे. कोरडे कापड पांढरेशुभ्र दिसते आणि राळ मुरताच काचेसारखे पारदर्शक होते. जेथे पांढरा ठिपका उरला तेथे हवा अडकली असे समजावे, आणि जेथे राळेचे चकचकीत डबके साचले तेथे केवळ वजन वाढले. म्हणून जाणता कारागीर रबरी पट्टीने जादा राळ कडेला ओढत जातो, आणि विणीचा पोत पृष्ठभागावर स्पष्ट उमटेपर्यंत थांबत नाही. तंतूंची दिशाही तितकीच महत्त्वाची : पंख वाकू नये म्हणून काही तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने, तर तो पिळवटू नये म्हणून काही 45 अंशांच्या कोनात घालावे लागतात.

राळ घट्ट होण्यासाठी तिच्यात मिसळायचा हार्डनर जास्त घातला की काम लवकर उरकते, ही समजूतही टाकून द्यावी. पॉलिएस्टरच्या बाबतीत थोडाफार फेरफार चालतो. इपॉक्सीत मात्र दोन्ही घटक ठरल्या प्रमाणात परस्परांत गुंफले जातात, आणि उरलेला हार्डनर आत तसाच राहून भाग कायमचा कमकुवत करतो. घाईच असेल, तर त्या राळेसाठी बनविलेला जलद हार्डनर निवडावा. भांड्यात एकदम पुष्कळ मिश्रण करणेही असेच धोक्याचे; साचलेली राळ स्वतःच्याच उष्णतेने इतकी तापते की पेल्यातून धूर निघू लागतो.

वाळलेल्या थरावर नवा थर सहज चिकटतो, असेही नाही. गुळगुळीत पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून निस्तेज केल्यावाचून तो जोड विश्वासार्ह होत नाही. रंगाचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा समजला जातो, पण साध्या तापमानावर घट्ट झालेले इपॉक्सी साधारणतः 60 ते 80 अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि भर उन्हात गडद पृष्ठभाग त्या मर्यादेला सहज पोहोचतो; सबब अशी विमाने बहुधा पांढरी असतात.

राहिला कायदा. आपले विमान, आपला भाग, मग मंजुरी कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु कारखान्यातून दाखला घेऊन आलेल्या विमानावर घरी केलेला भाग, मग ते चाकावरचे लहानसे आवरण का असेना, रीतसर मान्यतेवाचून बसविता येत नाही.

ज्यांना हे काम मनापासून करावयाचे आहे, त्यांना एकच विनंती : विमानाला हात लावण्यापूर्वी वीतभर सपाट नमुना करा, त्याचे वजन करा, आणि मग तो मोडून आत किती कापड व किती राळ आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.