रानवट मांजराचे भय : संकेत, मौन आणि वैद्यभेट

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मांजराविषयी लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु संकेतांचा अर्थ लावणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या दृष्टीने भ्यालेल्या मांजराची पशुवैद्याकडील भेट हा मोठा बोधप्रद विषय आहे. येथे संकेत देणारा आणि तो वाचणारा यांची जात भिन्न आहे आणि उभयतांस समान अशी भाषा नाही. चुकीच्या वाचनाची किंमत मात्र रोकडी मोजावी लागते : वैद्याच्या हाताला चावा, चुकलेले निदान, आणि पुढे वैद्याकडे नेणेच टाळल्यामुळे आत बळावत गेलेला रोग. एके काळी रानवट असलेल्या मांजराच्या बाबतीत ही अडचण सर्वांत तीव्र असते. म्हणून तेच उदाहरण येथे घेतले आहे.

१. ‘रानवट’ या संज्ञेची मर्यादा

भटके मांजर आणि रानवट मांजर यांत भेद केला पाहिजे. भटके मांजर पूर्वी कोणाच्या तरी घरी वाढलेले असते. माणसाचा स्पर्श त्यास नवा नसतो. रानवट मांजर जातीने घरगुतीच असते, पण त्याचे बालपण माणसावाचून गेलेले असते. आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, पिलास माणसाची सवय लागण्याचा अनुकूल काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. मूल ज्या वयात सहज भाषा शिकते त्या वयाशी याची तुलना करण्याचा मोह होतो, आणि काही मर्यादेपर्यंत ती योग्यही आहे. हा काळ उलटल्यावरही शिक्षण घडते. परंतु ते संथ असते, आणि मुख्य म्हणजे ते व्यापक होत नाही. असे मांजर एका घरावर आणि एक-दोन माणसांवर विश्वास टाकते. ‘माणूस’ या सामान्य कल्पनेवर टाकीत नाही. त्यामुळे घरात मांडीवर येऊन बसणारे मांजर दवाखान्यात पूर्ववत रानवट झालेले दिसते, यात विसंगती काहीच नाही.

२. लक्षण आणि आवाहन

कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली भाषिक चिन्हाची तीन कार्ये सांगितली : बोलणाऱ्याची अवस्था प्रकट करणारे लक्षण, ऐकणाऱ्यास प्रवृत्त करणारे आवाहन, आणि वस्तुस्थितीचे निरूपण. मांजराच्या व्यवहारात तिसऱ्या कार्याचा विचार करण्याचे कारण नाही. पहिली दोन मात्र स्पष्टपणे वेगळी करावी लागतात. फिसकारणे हे आवाहन आहे : ‘दूर हो’ असा त्याचा आशय. विस्फारलेल्या बाहुल्या हे लक्षण आहे. ते कोणास उद्देशून नसते.

मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ मध्ये घरगुती मांजराच्या आवाजांचे ध्वनिशास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून हळूहळू मिटत काढलेले आणि तोंड ताणून उघडे ठेवून काढलेले असे तीन गट त्यांनी पाडले आणि त्यांत सोळा प्रकार नोंदविले. तिसरा गट भय, वेदना व आक्रमण यांच्याशी निगडित आहे. पाउल लायहाउझेन यांच्या १९५६ मधील ग्रंथाने कान, पाठ आणि मुद्रा यांत भय व आक्रमण या दोन प्रेरणा कमीअधिक प्रमाणात कशा मिसळतात, हे दाखविले. कान आडवे पडून डोक्यास चिकटले म्हणजे भय प्रबळ. कानांची मागील बाजू समोरून दिसू लागली म्हणजे आक्रमणाची तयारी.

आपली भाषा या बाबतीत पुरेशी सूक्ष्म नाही. मराठीत कुत्रा गुरगुरतो आणि मांजरही गुरगुरते. पहिल्याचा अर्थ धमकी, दुसऱ्याचा आपण समाधान असा घेतो. वस्तुतः वेदनेत आणि भीतीतही मांजर घशातील ती घरघर काढू शकते. तेव्हा केवळ एका आवाजावरून निष्कर्ष काढू नये.

यापेक्षाही मोठा गैरसमज मौनाविषयी आहे. रानवट मांजर बहुधा मुके असते. ‘म्याव’ हा आवाज प्रौढ मांजरे मुख्यतः माणसांशीच वापरतात. तपासणीच्या मेजावर ते पोट टेकवून, पाय अंगाखाली घेऊन, शेपूट आवळून निश्चल बसते, आणि आपण म्हणतो, ‘किती शहाणे आहे !’ ही निश्चलता संमती नव्हे. पळण्याचा मार्ग उरला नसल्याची ती खूण आहे. केस्लर आणि टर्नर यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलेल्या सात पायऱ्यांच्या ताण-मापकात अशा गोठलेल्या मुद्रेस वरच्या पायऱ्यांवर स्थान आहे. याच मौनानंतर, कोणतीही पूर्वसूचना न देता, चावा येतो असे आपणांस वाटते. सूचना दिलेली असते. ती ऐकू येणारी नसते इतकेच.

३. भयाने निदान बिघडते

भय हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दवाखान्यातील परिस्थितीमुळे मांजरांचा रक्तदाब सरासरीने सुमारे १७ मिलिमीटर पारा इतका वाढल्याचे आढळले. भीतीने रक्तातील साखरही वाढते. त्यामुळे मधुमेह नसताना त्याचा भास होऊ शकतो. नाडी आणि श्वास यांचे आकडे तर अविश्वसनीयच ठरतात. म्हणून मांजर शांत ठेवणे हा तपासणीपूर्वीचा उपचार नसून तपासणीचाच भाग होय.

४. पेटीची ओळख

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी, या जुन्या प्रश्नाचे घरोघरचे रूप म्हणजे ‘मांजरास पेटीत कोणी घालावे ?’ माळ्यावरून वर्षातून एकदाच उतरणारी पेटी ही संकटाचे चिन्ह बनते. चिन्ह आणि अर्थ यांचा हा संबंध केवळ साहचर्याने जडलेला असल्यामुळे साहचर्यानेच तो बदलता येतो. पेटी नेहमीच्या खोलीत कायमची ठेवावी. तिचे वरचे झाकण सुटे होणारे असावे. आरंभी नुसता तळ ठेवून त्यात मांजराच्या वासाचे जुने कापड घालावे व आवडते खाद्य तेथेच द्यावे. पुढे झाकण, मग दार, मग क्षणभर लावलेले दार, मग उचलणे, मग जिन्यापर्यंतची फेरी असा क्रम धरावा. एक पायरी निर्भयपणे पार पडल्यावाचून दुसरी घेऊ नये. व्हिएन्ना येथे २२ मांजरांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा शिक्षणाने प्रवासातील ताण कमी झाला आणि तपासणीही लवकर आटोपली.

ज्या मांजरास अद्याप हात लावता येत नाही, त्यास पकडण्याची झटापट करू नये. त्याच्यासाठी सापळ्याचा पिंजरा वापरून, त्यावर कापड झाकून, वैद्यास आधी कळवून नेणे हेच उभयपक्षी सुरक्षित असते.

५. कोणाचा आवाज ?

जपानमधील आत्सुको साइतो आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये मांजरे मालकाचा आवाज परक्याच्या आवाजाहून वेगळा ओळखतात हे दाखविले, आणि २०१९ मध्ये स्वतःचे नाव इतर शब्दांतून वेगळे काढतात हेही सिद्ध केले. फ्रान्समध्ये शार्लोत द मूझों प्रभृतींनी २०२२ मध्ये १६ मांजरांवर केलेला प्रयोग आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मांजराशी लाडाने बोलण्याची जी वेगळी ढब असते, ती मालकाने वापरली तर मांजर तिची दखल घेते. परक्याने वापरली तर तसा भेद आढळला नाही. म्हणजे लाडाची ढब ही सार्वत्रिक भाषा नव्हे. ती दोघांची खाजगी बोली आहे. यावरून व्यावहारिक अनुमान निघते ते असे : दवाखान्यात बोलावयाचे तर ते पालकाने, घरी बोलतो त्याच सुरात व थोडके, परक्यांच्या गोंजारण्याने फारसे साधत नाही.

मांजरास सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. माणसाची मर्यादा सुमारे २० आहे. लक्ष वेधण्यासाठी आपण जे ‘शुक् शुक्’ करतो, त्यातील उष्म वर्णात उच्च कंपनांचा भरणा असतो आणि त्याचे फिसकाराशी साम्य आहे. तेव्हा धीर देण्यासाठी तो ध्वनी न योजणेच बरे. याउलट, टक लावून न पाहता पापण्या सावकाश मिटणे हा संकेत उपयोगी पडतो. मांजरे त्यास प्रतिसाद देतात, असे ससेक्स येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले.

६. गंध व औषध

मांजर गाल घासून ज्या गंधाची खूण ठेवते, त्याचा कृत्रिम फवारा मिळतो. तो पेटीत निघण्यापूर्वी सुमारे पंधरा मिनिटे मारावा. त्यातील मद्यार्क उडून जाणे आवश्यक असते. याच्या परिणामाविषयी प्रयोगांत एकवाक्यता नाही. म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नये.

रानवट मांजराच्या बाबतीत औषधास अखेरचा उपाय मानण्याचे कारण नाही. गाबापेंटिनची एक मात्रा निघण्यापूर्वी दिल्यास प्रवासातील व तपासणीतील ताण घटतो, असे २०१७ मध्ये दिसून आले. पिंजऱ्यात धरलेल्या रस्त्यावरील मांजरांवरही २०१८ मध्ये तसाच अनुभव आला. मात्रा वैद्यानेच ठरवावी, कारण मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती कमी करावी लागते. ॲसेप्रोमाझीनसारखे जुने शामक मात्र वेगळे आहे : त्याने शरीर सुस्त होते, भय कमी होतेच असे नाही. म्हणजे रोगी शांत न होता केवळ त्याचे संकेत बंद पडतात.

७. दवाखान्यात

पेटी जमिनीवर न ठेवता उंच ठेवावी, कापडाने झाकावी, आणि कुत्र्यांपासून दूर बसावे. तपासणीच्या वेळी मांजरास ओढून किंवा पेटी उलटी करून बाहेर काढू नये. झाकण सोडवून तळातच, टॉवेलाखाली, जितके जमेल तितके तपासावे. मानगूट धरून दाबण्याची रीत २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अमान्य केली आहे. तोंड उघडे ठेवून श्वास चालू झाला तर काम तत्काळ थांबवावे. तातडीचे नसेल ते दुसऱ्या दिवसावर टाकणे किंवा भूल देऊन करणे, यात वैद्याचे अपयश नाही. घरी दुसरे मांजर असल्यास परतल्यावर काही तास दोघांस वेगळे ठेवावे. दवाखान्याचा वास लागलेला सोबती त्यास परका वाटतो.

वरील सर्व उपायांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. मांजराने फिसकारावे यात बिघडलेले काही नाही; ते अद्याप आपल्याशी बोलत आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या पहिल्या सूचनेला मान देऊन जो हात मागे घेतला जातो, त्याच हाताला पुढच्या भेटीत जवळ येऊ दिले जाण्याचा संभव अधिक असतो.