वीज कंपनी नियम पाळते की नाही, हे तपासतं कोण?

"आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, लगेच या नंबरवर फोन करा." असा मेसेज तुम्हाला नाही तर घरच्या कोणाला तरी आलाच असेल. तो खोटा आहे, हे ओळखायची खूण कायद्यातच आहे. वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की बिल थकलं तरी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. त्यामुळे अनोळखी मोबाईल नंबरवरून "आज रात्री" म्हणणारा बहुतेक चोरच समजा.

पण हाच नियम खुद्द वीज कंपनीने मोडला तर?

पारोळ्यात वीज देते महावितरण. तिच्यावर लक्ष ठेवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या या आयोगाचं ऑफिस मुंबईत कफ परेडला आहे. आयोग वीजदर ठरवतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. नवीन कनेक्शन किती दिवसांत द्यायचं, गेलेली लाईट किती तासांत आणायची, हेही तोच ठरवतो. सध्याचे नियम २०२१ चे आहेत. कंपनीने मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची, अशी तरतूद आहे.

मुंबईत बसून पारोळ्यातलं कसं कळतं?

आयोगाचा माणूस काही आपल्या गल्लीत मीटर बघत फिरत नाही. कलम ५९ प्रमाणे कंपनीच आयोगाला माहिती देते: कोणतं काम किती वेळात केलं, किती जणांना भरपाई दिली. आयोगाने ही माहिती वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करायची असते. म्हणजे पेपर पोराने लिहिला आणि मार्कही त्यानेच टाकले, असाच प्रकार! संशय आला तर आयोग चौकशी लावू शकतो. नियम मोडल्याचं सिद्ध झालं तर कलम १४२ खाली प्रत्येक चुकीला १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि चूक चालूच राहिली तर दिवसाला ६,००० रुपयांपर्यंत वेगळा. पण संशय यायला आधी काहीतरी नोंद तर पाहिजे.

इथे तुमचा मोबाईल कामाला येतो. वायरमनला फोन करून "भाऊ, लाईट गेलीय" सांगितलं तर लाईट येईलही, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही. १९१२ वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली की नंबर मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. रीडिंग न घेता सरासरी बिल येत असेल तर मीटरचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

तरीही काम झालं नाही तर

मग ग्राहक तक्रार निवारण मंच. पारोळ्याहून धुळं जवळ पडतं, पण आपला मंच जळगावला. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. वकील लागत नाही. मंचाने ६० दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे. हा मंच कंपनीनेच स्थापन केलेला असतो, हे बऱ्याच जणांना खटकतं, आणि ते बरोबरच आहे. त्यासाठीच वर विद्युत लोकपाल आहे. लोकपालाला आयोग नेमतो. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिकडे जाता येतं.

जळगावकरांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. २०११ मध्ये महावितरणने जळगाव शहर आणि आसपासचं वीज वाटप क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून दिलं आणि २०१५ मध्ये परत घेतलं. बिल वाटणारा बदलला, पण परवाना महावितरणचाच राहिला. कायद्याने आयोगापुढे उत्तर द्यायचं ते परवाना ज्याच्याकडे आहे त्याने. त्यामुळे उद्या स्मार्ट मीटर बसवायला दुसऱ्याच कंपनीचा माणूस आला, तरी तक्रार महावितरणच्याच नावाने करायची.

अर्ज लिहायच्या आधी एक काम करा. लोकपालांचे निकाल ऑनलाइन वाचायला मिळतात. गाव दुसरं असेल, पण सरासरी बिलाचं प्रकरण अगदी तुमच्यासारखंच सापडू शकतं. त्या निकालात कोणता नियम लावला तो बघा आणि तोच आपल्या अर्जात लिहा.