कडेवरचं नाव

लढाईचं पदक हातात आलं की लोक आधी राजाचं तोंड बघतात. मी पदक उभं धरतो आणि कड बघतो. राजा सगळ्यांवर तोच असतो. कडेवरचा माणूस मात्र त्या एकाच पदकावर असतो.

मी राहतो बाळकुम पाड्यात. कोलशेत रोडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. पंच आणि हातोडी घेऊन धातूवर अक्षरं ठोकायची, हे रोजचं काम. बारा वर्षांपूर्वी बायकोची जुनी पैंजणं मोडायला ठाण्यात सराफाकडे गेलो होतो. तिथे मोडीच्या डब्यात एक जाड चांदीचा बिल्ला पडलेला. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि 1914, 1918 हे आकडे. सहज कड बघितली. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत आधी एक नंबर होता, मग ‘सिपॉय’, मग एक चक्क मराठी नाव आणि शेवटी ‘110 मराठा एल. आय.’. एकेक अक्षर पंचाने ठोकलेलं. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी, शंभर वर्षांपूर्वी.

चांदीच्या भावाने ते घेतलं. जवळपास तीन तोळे भरलं. घरी आल्यावर मोठी चूक केली. चिंच लावून तांब्या घासावा तसं घासलं. पदक लख्ख झालं, पण आडनावाचं शेवटचं अक्षर अर्धं गेलं. तेव्हापासून पदकाला चिंच नाही, राख नाही, पावडर नाही. सुती फडकं, बस.

कड वाचायला शिकलो तो हळूहळू. पलटणीचा नंबरच काळ सांगतो. 1903 मध्ये लॉर्ड किचनरने हिंदी फौजेची नंबरवारी नव्याने लावली, तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या नंबरात शंभर मिळवले. तिसरी झाली 103, पाचवी झाली 105, दहावी झाली 110. पुढे 1922 मध्ये या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या आणि 103 ची पहिली बटालियन झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी. आज ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली जाते ती ही दुसरी बटालियन. नंबर दोनदा बदलला, तरी मुंबईच्या जुन्या पाचवीची पाच तिच्या नावात टिकून आहे.

नावं वाचायची ती मोठ्याने. कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, डोळ्यांनी वाचलं तर अर्थ लागत नाही. कंपनी सरकारच्या काळातल्या नावाच्या शेवटी ‘नाक’ आलं, तर तो महार शिपाई. भीमा कोरेगावच्या स्तंभावर अशी नावं आहेत. त्या काळच्या लढायांचं पदक कंपनीने दिलं ते थेट 1851 मध्ये, तोवर जिवंत राहिलेल्यांना. त्याच्या फितीवरच्या पट्ट्यांवर असई, गाविलगड, खडकी, कोरेगाव, सीताबर्डी ही आपलीच गावं आहेत. पेशव्यांशी आणि भोसल्यांशी झालेल्या लढायांचं पदक, आणि ते मिळवणाऱ्यांत याच मातीतले शिपाई. ही गुंतागुंत शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नव्हती.

पदकाचा धातूही बोलतो. पहिल्या महायुद्धाचं हेच पदक मजूर तुकड्यांना चांदीऐवजी काशाचं मिळालं. 1900 च्या चीन मोहिमेतही शिपायाला चांदी आणि पाणी वाहणाऱ्या भिस्त्याला कासं. गोळी मात्र धातू बघून लागत नव्हती.

बाजारात लबाडीही आहे. साध्या पदकावरचं नाव कानशीने घासून काढतात आणि गाजलेल्या लढाईतल्या पलटणीचं नाव ठोकतात. इथे माझा व्हर्नियर कामाला येतो. पदकाचा व्यास 36 मिलिमीटर. चार ठिकाणी माप घ्यायचं. एखाद्या ठिकाणी कमी भरलं की कड घासलेली आहे असं समजायचं.

आता त्या पहिल्या पदकाकडे येतो. 110 वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. 147 दिवस उपासमार काढून 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातली कितीतरी परतली नाहीत. कॉमनवेल्थ युद्ध-दफनभूमी आयोगाच्या नोंदी संगणकावर कुणालाही बघता येतात. नंबर आणि पलटण घालून शोधलं, तर माझा शिपाई सापडला. मृत्यू 1916. बापाचं नाव होतं, गाव होतं, जिल्हा रत्नागिरी. स्मारक बसरा.

बसऱ्याच्या या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या सैनिकांची नावं तिथे कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला, नावं राहिली वहीत. आयोगाने या भेदभावाबद्दल 2021 मध्ये जाहीर माफी मागितली. हे वाचलं त्या रात्री मी पदक परत काढून बघितलं. दगडावर जे नाव कोरलं गेलं नाही, ते या कडेवर ठोकलेलं होतं. आणि ते मी सराफाच्या डब्यातून उचललं होतं. एका दिवसाने उशीर झाला असता तर त्याची पैंजणं झाली असती.

पदक घेऊन मी त्या गावी गेलो. भावकीतले एक म्हातारे बाबा ओटीवर भेटले. “आमच्या घरात एक बिल्ला होता, असं आजी सांगायची. दुष्काळात मोडला म्हणे.” हाच तो, की त्याच्या जोडीचा दुसरा, कोण सांगणार? मी पदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते परत केलं. “तुमच्याकडंच असूं दे. इथं राहिला तर परत मोडंल. फक्त नाव वाचून दाखवा.” मी वाचलं. अर्धं गेलेलं अक्षर त्यांनी पुरं केलं.

म्हणून सांगतो. तुमच्या गावच्या ट्रंकेत, देवघराच्या खणात असा बिल्ला असेल तर घासू नका. दोन-तीन एकत्र असतील तर वेगळे करू नका. कडेचा स्वच्छ फोटो काढा. घरात कुणाला आठवत असेल तेवढं सगळं त्याच्या सोबत एका कागदावर लिहा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला परस्पर पाठवणं कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. विकायचंच असेल तर विका, पैशाची अडचण कुणाला चुकली नाही. पण मोडीत घालू नका. तीन तोळे चांदी बाजारात कधीही मिळते.