खळ्यातल्या खेळाचे नियम

कोकणातल्या लांज्याच्या आसपासच्या वाड्यांत कुत्रा पाळतात तो राखणीसाठी. आंबा-काजूच्या बागेत उतरणारी वानरं हुसकवायची, रात्री बिबट्या फिरकला तर भुंकून घर जागं करायचं, ही त्याची कामं. उरलेल्या वेळात तो जे खेळतो तो उनाडपणा, अशीच सगळ्यांची समजूत असते. पण खळ्यात दोन कुत्र्यांची जुंपते तेव्हा जरा थांबून पाहावं. गुरगुर असते, दात विचकलेले असतात, एकाने दुसऱ्याची मान तोंडात धरलेली असते. तरी कुणाला साधं खरचटतही नाही. हे त्यांना साधतं कसं, याचा शोध शास्त्रज्ञ गेली काही दशकं घेत आहेत.

खेळायला निघालेला कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे मार्क बेकॉफ यांनी कुत्रा, लांडगा आणि कायोटी यांच्या पिल्लांचा खेळ बारकाईने तपासला. 1995 साली त्यांनी दाखवून दिलं की, चावून मान झटकण्यासारखी गैरसमज होण्याजोगी कृती करण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर पिल्लं असं वाकतात. 'आता जे करतोय ते खेळातलं आहे,' असा त्याचा अर्थ बेकॉफ लावतात. प्रौढ पाळीव कुत्र्यांवरच्या 2016 मधल्या एका अभ्यासात मात्र वेगळं दिसलं. थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायला कुत्रे जास्त करून वाकतात, असं त्याचं म्हणणं. दोन्ही निष्कर्षांत एक गोष्ट समान आहे: खेळ चालू राहावा यासाठी कुत्रा मुद्दाम खटपट करतो.

आणि ही खटपट आंधळी नसते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये नोंदवलं की, जोडीदाराचं तोंड दुसरीकडे असेल तर कुत्रा आधी त्याचं लक्ष वेधून घेतो, ढुशी देतो, समोर जाऊन उभा राहतो आणि मगच खेळाची खूण करतो. ताकदीचंही तसंच. दांडगा कुत्रा लहानग्याशी खेळताना जबडा सैल ठेवतो, कधी स्वतःच उताणा पडतो. तो सतत जिंकत राहिला तर समोरचा निघून जाईल आणि खेळ संपेल.

माणसाने कुत्र्याला खेळात जिंकू दिलं की तो डोक्यावर बसतो, असं बरेच जण मानतात. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी 14 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांशी रस्सीखेच खेळून हे पारखलं. प्रत्येक कुत्र्याला एका फेरीत वारंवार जिंकवलं, दुसऱ्या फेरीत वारंवार हरवलं. जिंकल्यामुळे कुत्रे शिरजोर झाले नाहीत. निकाल काहीही लागो, खेळानंतर कुत्रे अधिक ऐकू लागले.

आपसात खेळण्याचे हे नियम पिल्लू जन्मतः पूर्ण शिकून येत नाही. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांच्या 1965 मधल्या गाजलेल्या ग्रंथानुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक घडणीचा. या दिवसांत भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ सोडून देतं. चावा किती जोराचा असावा, याचं मोजमाप पिल्लाला तिथे कळतं. आपल्याकडे मात्र डोळे उघडले न उघडले तोच पिल्लू उचलून आणतात, लगेच दोरीला बांधतात, आणि हा धडा अर्धाच राहतो.

कुत्र्याकडून निष्ठा शिका, आनंदी राहायला शिका, असं सांगणारे संदेश मोबाइलवर रोज फिरतात. विज्ञानाने टिपलेला धडा याहून रोखठोक आहे. आपला हेतू आधी स्पष्ट करावा, समोरच्याचं लक्ष आहे का ते पाहावं, आपली ताकद आवरावी. हे पाळलं नाही तर खेळायला कुणी उरत नाही. कुत्र्याच्या या वागण्यामागे साधुत्व असेलच असं नाही. पण सोबत टिकवण्याची गरज मात्र आहे, आणि ती माणसालाही तितकीच असते.

पिल्लू आणायचंच असेल तर निदान दोन महिने त्याला आईजवळ राहू द्यावं आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी. लस न दिलेल्या पिल्लाचा खेळता खेळता दात किंवा ओरखडा लागला, तरी जखम 15 मिनिटं साबणाने वाहत्या पाण्यात धुऊन दवाखाना गाठावा. आणि चावऱ्या कुत्र्याला दोष देण्याआधी, लहानपणी त्याला खेळायला भावंडं मिळाली होती का, एवढं तरी विचारावं.