पाहुणी म्हणून जाणे, पत्नी म्हणून राहणे

गोदावरीच्या काठी बासर येथे ज्ञानसरस्वतीचे देऊळ आहे. वसंत पंचमीला तेलंगणातून, तसेच नांदेड-परभणीकडून आईबाप आपली लहान मुले घेऊन तेथे येतात आणि पाटीवर त्यांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेतात. याच गावात २००८ साली राजीव गांधींच्या नावाचे तंत्रविद्येचे विद्यापीठ सुरू झाले. या भागात तेलुगू घरांच्या शेजारी मराठी घरे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, आणि त्यांतील मुलामुलींनी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नवलाची गोष्ट एवढीच की, ज्यांच्या घरी अक्षराचा एवढा सोहळा होतो त्यांच्याही कन्या पुढे परदेशच्या एका छापील नमुन्यापुढे गोंधळून बसतात.

प्रसंग नेहमीचाच आहे. मुलीचे लग्न अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या तरुणाशी झालेले असते. तिच्या पारपत्रावर पर्यटकाचा दहा वर्षांचा व्हिसा पूर्वीच उमटलेला असतो. ‘महिना-दोन महिने राहून सासर पाहून येते’ असे सांगून ती विमानात बसते. तेथे गेल्यावर नवरा म्हणतो, “आता आलीच आहेस, तर अर्ज इथेच भरून टाकू. परत कशाला जातेस?” प्रेमाच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे. कायदा मात्र त्याच प्रश्नाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो. आणि तो कसा पाहतो हे विमानात बसण्यापूर्वी कळले नाही, तर पुढची काही वर्षे हातची जाण्याचा संभव असतो.

पहिली समजूत दूर करावयाची ती व्हिसाविषयीची. व्हिसा म्हणजे परदेशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत राहण्याची नव्हे. आत किती दिवस राहावयाचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पर्यटकाला सामान्यतः सहा महिने मिळतात, आणि ती तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते. पूर्वी हा कागद पारपत्रात टाचून मिळे. विमानाने येणाऱ्यांची नोंद २०१३ पासून संगणकावर होते व ती ज्याची त्याने पाहून घ्यावी लागते. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षे राहता येते असे मानणारी सुशिक्षित माणसेही भेटतात, हे आश्चर्य खरे.

दुसरी गोष्ट हेतूची. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्याने असे गृहीत धरले आहे की, तात्पुरता व्हिसा मागणारा मनुष्य कायमचा राहावयासच येत आहे. तसे नाही हे त्याने स्वतः पटवून द्यावयाचे. तेव्हा पर्यटकाच्या व्हिसावर उतरताना ‘फिरावयास आले’ असे सांगणाऱ्या स्त्रीच्या मनात त्या क्षणी खरोखर काय होते, हा सगळ्या प्रकरणाचा मध्यबिंदू आहे. परत जाण्याचाच बेत होता, तिकीटही परतीचे होते, आणि पुढे काही कारणाने विचार बदलला, तर त्यात अपराध नाही. परंतु नोकरीचा राजीनामा, संसाराचे सगळे सामान आणि लग्नाचे सगळे दाखले पेटीत घालून ‘पंधरा दिवस फिरावयास आले’ असे सांगणे निराळे. जाणूनबुजून केलेले असत्य कथन सिद्ध झाले, तर त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. ते उघडावयाचे तर माफीचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो, आणि माफी मिळेलच असे नाही.

येथे ‘नव्वद दिवसां’ची एक कथा मित्रमंडळींत फिरत असते. एक्क्याण्णवाव्या दिवशी अर्ज टाकला की कोणी काही विचारत नाही, असा तिचा सारांश. वस्तुस्थिती अशी की, २०१७ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींतील अधिकाऱ्यांसाठी एक नियम घालून दिला: आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत पाहुण्याने पाहुण्याला न शोभणारे वर्तन केले, उदाहरणार्थ नागरिकाशी लग्न करून तेथेच बिऱ्हाड मांडले, तर आरंभीच खोटे सांगितले होते असे अनुमान काढता येते. नियम वकिलातींचा आहे. देशात बसून अर्ज तपासणारे स्थलांतर खाते त्याने बांधलेले नाही, आणि एक्क्याण्णवावा दिवस हा काही अभयदानाचा मुहूर्त नव्हे. उलट १९८० व १९८१ साली तेथील स्थलांतर अपील मंडळाने दोन निर्णयांत असेही म्हटले आहे की, अर्जदार नागरिकाचा निकटचा आप्त असेल आणि दुसरे काही विरुद्ध नसेल, तर केवळ मनात आधीपासून राहण्याचा हेतू होता एवढ्यावरून अर्ज सहसा नाकारू नये. मात्र हेतू मनात असणे आणि तोंडाने खोटे बोलणे यांतले अंतर त्या निर्णयांनीही पुसलेले नाही.

आता नमुन्यांकडे वळावे. पतीने भरावयाचा तो ‘आय-१३०’. ‘ही माझी पत्नी आहे’ एवढेच त्याने सिद्ध करावयाचे असते. त्याला जोडून पत्नीची माहिती देणारा ‘आय-१३०ए’ येतो. त्यात पाच वर्षांचे पत्ते आणि कामधंदा लिहावा लागतो. अनेकांची फसगत होते ती येथे. आय-१३० दाखल केला की राहण्याचा हक्क मिळाला असे त्यांस वाटते. तसा कोणताही हक्क त्याने मिळत नाही. देशातच राहून कायम वास्तव्य मागण्याचा अर्ज निराळा, तो ‘आय-४८५’. नागरिकाच्या पत्नीला हे दोन्ही एकाच वेळी दाखल करता येतात, आणि तो दुसरा अर्ज दाखल होऊन विचाराधीन राहिला म्हणजेच तिच्या तेथील राहण्याला आधार मिळतो. सोबत पतीच्या मिळकतीची हमी देणारा ‘आय-८६४’ लागतो. सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या सामान्यतः सव्वापट उत्पन्न त्यात दाखवावे लागते. आणि ही हमी इतकी पक्की असते की घटस्फोट झाला तरी तेवढ्याने ती संपत नाही. वैद्यकीय तपासणीचा ‘आय-६९३’ डिसेंबर २०२४ पासून मूळ अर्जाबरोबरच द्यावा लागतो.

हे सर्व नागरिकाच्या पत्नीबद्दल झाले. पती नागरिक नसून केवळ ‘ग्रीन कार्ड’धारक असेल, तर हिशेब बदलतो. त्याच्या पत्नीला वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. रांग पुढे सरेपर्यंत पाहुणीचे सहा महिने संपून जातात, आणि मुदत उलटून गेलेल्या पाहुणीला मग देशात बसून तो अर्ज सहसा करता येत नाही. पती ‘एच-१बी’वर नोकरी करणारा असेल, तर पत्नीसाठी असा अर्जच नाही, तिच्यासाठी ‘एच-४’ हा आश्रिताचा व्हिसा. आपल्याकडील कितीतरी जावई याच तिसऱ्या वर्गात मोडतात, आणि सोयरीक ठरविताना ‘मुलगा अमेरिकेत आहे’ या एका वाक्यात हे तीनही वर्ग एकत्र होतात. लग्नापूर्वी पत्रिकेबरोबर एवढेही विचारून घेतले तर पुष्कळ घोळ टळेल.

मुदतीचा प्रश्न सर्वांत नाजूक. नागरिकाची पत्नी रीतसर तपासणी होऊन देशात आली असेल, तर मुदत उलटली तरी तिला तेथे बसून अर्ज करण्याची कायद्याने सवलत आहे. ही सवलत ऐकून माणसे निर्धास्त होतात. परंतु १९९६ च्या कायद्याने असे ठरविले आहे की, एकशे ऐंशी दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जी व्यक्ती देश सोडील तिला तीन वर्षे, आणि वर्षभर वा अधिक राहून सोडील तिला दहा वर्षे परत येता येणार नाही. अर्थात सवलत आहे ती आत असेपर्यंत. त्याचप्रमाणे अर्ज विचाराधीन असता प्रवासाची पूर्वपरवानगी, म्हणजे ‘आय-१३१’ वरून मिळणारा कागद, हाती नसताना पाहुणीने विमान पकडले तर तो अर्ज तिने सोडून दिला असे धरले जाते. बासरला वडील अत्यवस्थ असल्याचा फोन यावा, आणि गेल्यास संसार धोक्यात व न गेल्यास पित्याचे अखेरचे दर्शन अंतरते, अशा कात्रीत मुलीने सापडावे, यासारखी दुसरी कोंडी नाही. तातडीची परवानगी मागण्याची सोय आहे, परंतु मृत्यू काही कार्यालयाची वेळ पाहून येत नाही. वृद्ध आईबाप मागे ठेवून जाणाऱ्या मुलीने ‘इथेच अर्ज भरू’ या सूचनेला मान डोलावण्याआधी हा एक मुद्दा तोलून पाहिलाच पाहिजे.

पर्याय जुना आणि सरळ आहे. पतीने तिकडे आय-१३० दाखल करावा, पत्नीने माहेरी राहून वाट पाहावी. अर्ज मंजूर झाला की कागद व्हिसा केंद्राकडे जातात, तेथे ‘डीएस-२६०’ भरावा लागतो आणि अखेर वकिलातीत मुलाखत होते. हैदराबादला अमेरिकेची वकिलात असली तरी पत्नी म्हणून कायमचे जाण्याच्या व्हिसाची मुलाखत सामान्यतः मुंबईस होते. तेव्हा बासरकरणीला मनमाडच्या लोहमार्गाने पश्चिमेकडेच यावे लागते. या मार्गाला वर्षावर काळ सहज लागतो. परंतु कोणापुढे हेतू लपवावा लागत नाही, आणि वाट पाहत असताना वडिलांजवळ राहता येते. मधल्या काळात पर्यटक म्हणून भेटीस जाण्याची बंदी नाही. मात्र नवा व्हिसा मागताना ‘आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे काय?’ असा प्रश्न नमुन्यातच असतो. त्याचे उत्तर खरे द्यावे. व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता वाढते, पण नकार परवडला, खोटे उत्तर परवडत नाही.

देशोदेशीच्या रीती येथे सारख्या नाहीत. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या पत्नीला तेथेच राहून पत्नीच्या व्हिसावर जाता येत नाही; बाहेर येऊन अर्ज करावा लागतो. कॅनडात आतून अर्ज करण्याचा स्वतंत्र मार्ग आहे. ऑस्ट्रेलियातही आहे, मात्र पाहुण्याच्या व्हिसावर ‘८५०३’ ही अट लिहिलेली नसेल तर.

कागद कोणत्याही मार्गाने गेले तरी दाखले तेच लागतात, आणि बासरच्या परिसरात दाखल्यांची एक खास अडचण आहे. हा भाग ज्या मुधोळ तालुक्यात होता तो निजामी राजवटीत व त्यानंतरही नांदेड जिल्ह्यात मोडे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड मुंबई राज्यात गेला. मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडले मात्र आंध्र प्रदेशात राहिली आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून बासर नव्या निर्मल जिल्ह्यात आले. गाव जागचे हलले नाही. पण १९९० साली जन्मलेल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर ‘आदिलाबाद, आंध्र प्रदेश’, नव्या पारपत्रावर ‘तेलंगण’ आणि विवाहाच्या दाखल्यावर ‘निर्मल’ असे येऊ शकते. यात खोटे काहीच नाही. मात्र परक्या देशाच्या अधिकाऱ्याला आपला हा इतिहास माहीत असण्याचे कारण नाही. तारखांसह चार ओळींचे निवेदन जोडावे.

नावाचेही तसेच. तेलुगू घरात घराण्याचे नाव आधी येते, मराठी घरात आडनाव शेवटी. पारपत्र करताना कोणत्या रकान्यात काय गेले यावर पुढचे सारे अवलंबून राहते. त्यात आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल. सरकारी दप्तरात ते नाव गेलेले नसले, तरी लग्नानंतर ते कोठे वापरले असेल तर ‘यापूर्वी वापरलेली नावे’ या रकान्यात ते लिहावयास हवे. जन्माची नोंदच झालेली नसेल, तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची शपथपत्रे यांवर काम भागते. मराठी, तेलुगू वा उर्दू कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ असे भाषांतरकाराने लिहून सही केलेली हवी.

विवाह-नोंदणीच्या बाबतीत एक नवी सावधगिरी सांगणे प्राप्त आहे. व्हिसाची घाई म्हणून आधी नोंदणी उरकून घ्यावी आणि अक्षता सवडीने पडाव्यात, असा प्रकार अलीकडे वाढला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हिंदू विवाह कायद्यानुसार विधी झालेला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह होत नाही. परदेशी जाण्याच्या अर्जासाठी अशा नोंदण्या होतात याचाही न्यायालयाने उल्लेख केला. ज्या दाखल्यावर सारा अर्ज उभा, तोच पोकळ निघाला तर पुढे बोलावयास जागा राहत नाही. विधी आधी, नोंदणी मागून, हाच क्रम ठेवावा. लग्न जवळच्या धर्माबादला लागले असेल तर तो महाराष्ट्र आहे, आणि नोंदणी कोठे करावयाची हे तेवढ्यासाठी आधी ठरवून घ्यावे.

ग्रीन कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते कार्ड सशर्त, दोन वर्षांपुरतेच असते. ते संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पतिपत्नींनी मिळून ‘आय-७५१’ भरावयाचा असतो. येथे एक तरतूद फारशी कोणी सांगत नाही. संसार मोडला असेल किंवा घरात छळ होत असेल, तर हा अर्ज पत्नीला एकटीलाही, पतीच्या सहीवाचून करता येतो. आणि छळ होत असल्यास मुळात आय-१३० च्या जागी स्वतःपुरता अर्ज करण्याचीही सोय कायद्यात आहे. त्यासाठी लग्नाचे फोटो, एकत्र राहिल्याचे पुरावे, दाखल झालेल्या अर्जांच्या पावत्या आणि आपले पारपत्र तिच्या स्वतःच्या हाती असावे लागते. म्हणून प्रत्येक कागदाची एक प्रत तिच्यापाशी आणि एक बासरला माहेरच्या कपाटात ठेवून द्यावी.